भूमिगत खाणीच्या अहवालात 'जमीन वापरात बदल नाही' असं लिहिलेलं असतं, ते कसं वाचायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळमेश्वर-काटोल पट्ट्यात तुमच्या गावाला लागून भूमिगत कोळसा खाण येऊ घातली आहे. पर्यावरण अहवालाच्या मसुद्यात म्हटलंय की खाणपट्ट्यातली बहुतेक जमीन शेतीची आहे, उरलेली 'झुडपी व पडीक' आहे, दुर्मिळ वनस्पती आढळल्या नाहीत आणि काम जमिनीखाली असल्यामुळे वरच्या जमीन वापरात बदल होणार नाही. तुमची संत्र्याची बाग त्याच हद्दीत येते. हे सगळं खरं आहे का, आणि जनसुनावणीत काय बोलायचं, हे तुम्ही विचारलंय.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे उत्तर कुठल्या चष्म्यातून येतंय ते कळेल. वनस्पती सर्वेक्षण हा माझा धंदा. विदर्भात आणि लागून असलेल्या छिंदवाड्यात खाणींच्या अहवालांसाठी मी वर्षानुवर्षं हे काम केलंय, आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा प्रकल्पवाल्यांकडूनच आलेत. त्यामुळे असले अहवाल सरसकट खोटे असतात असं मी म्हणणार नाही. पण ते फार छोट्या प्रश्नाचं उत्तर देतात. त्या हंगामात, त्या नकाशाच्या मापात काय दिसलं, एवढंच त्यांत असतं.

तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. दहा वर्षांनी विहीर आटली, बागेत पाणी साचायला लागलं, गुरांचं रान गेलं, तर 'आधी इथे असं होतं' हे कशावरून सिद्ध करणार? आज जे कागदावर येणार नाही, ते उद्या नव्हतंच असं धरलं जाईल. तेव्हा अहवालातले आकडे तपासा, पण डोक्यात हा प्रश्न ठेवून तपासा.

पहिली गोष्ट, 'भूमिगत म्हणजे वर काही होत नाही'. हे पूर्ण खरंही नाही आणि पूर्ण खोटंही नाही. इन्क्लाइनचं, म्हणजे खाली उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याचं तोंड, हवेसाठी शाफ्ट (उभा बोगदा) आणि पंखा, कोळशाचा साठा, वजनकाटा, रस्ता, कार्यालयं एवढ्याला जमीन थेट लागते, आणि पट्ट्याच्या मानाने ती खरंच कमी असते. उरलेल्या पट्ट्यात बहुतेक वेळा फक्त खालच्या खनिजाचे हक्क घेतात. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. म्हणूनच तक्त्यात 'खाणीपूर्वी' आणि 'खाणीनंतर' हे दोन्ही रकाने सारखे दिसतात.

मात्र वर काय होईल हे खाली कोळसा कसा काढणार यावर ठरतं. आपल्याकडे नेहमीची पद्धत बोर्ड आणि पिलरची. आधी थरात गॅलऱ्या, म्हणजे बोगद्यासारख्या वाटा पाडतात. कोळसा खाण विनियम २०१७ प्रमाणे त्या साधारणपणे ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच करता येत नाहीत. मधले कोळशाचे खांब तसेच उभे ठेवतात. काम इथेच थांबलं तर वरच्या जमिनीला सहसा धक्का लागत नाही. पण बहुतेक आराखड्यांत दुसरा टप्पा असतो, डिपिलरिंगचा, म्हणजे ते खांबही काढून घ्यायचे. त्यानंतर छत कोसळू दिलं तर पॅनेल (एका वेळी कोळसा काढायला आखलेला भाग) पुरेसं रुंद असताना जमीन काढलेल्या थराच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खचू शकते. पोकळीत वाळू भरत गेलं, ज्याला स्टोइंग म्हणतात, तर हेच खचणं अगदी थोडं राहतं. खोली किती, वरचा खडक कोणता यावरही फरक पडतो. तुमच्या भागात कोळशाच्या थरांवर काही ठिकाणी दख्खनच्या काळ्या पाषाणाचा जाड थर आहे. असा कठीण खडक बराच काळ भार पेलून धरतो. खचणं कमी होतं किंवा उशिरा होतं, आणि उशिरा झालेलं नुकसान सिद्ध करायला जास्त अवघड. आराखडा न बघता तुमच्या शेताचं काय होईल हे मी सांगणार नाही, कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. डिपिलरिंग आहे का, छत पाडणार की वाळू भरणार, वाळू आणणार कुठून, आणि खचण्याच्या अंदाजाचा नकाशा गट नंबरांवर टाकून दाखवलाय का, हे मात्र जरूर विचारा.

गट नंबरांचा आग्रह अशासाठी की खचणं पॅनेलच्या हद्दीत राहत नाही, ते बाहेरही पसरतं. मधला भाग बशीसारखा बसतो आणि कडेला जमीन ताणली जाऊन भेगा पडतात. काळ्या कसदार जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्यामुळे 'या तर नेहमीच्याच' असं उत्तर मिळतं. फरक ओळखता येतो. उन्हाने पडलेल्या भेगा जाळीसारख्या, चहू दिशांना फाटे फुटलेल्या असतात आणि मृगाच्या दोन-तीन दमदार पावसांत मिटतात. खचण्याच्या भेगा लांब, एका रेषेत, धुरा-बांध न बघता एका वावरातून दुसऱ्यात जाणाऱ्या असतात. काळी माती त्यांनाही वरून झाकते, पण पावसाचं पाणी तिथे गडप होत राहतं.

संत्र्यासाठी ही बशी भेगांपेक्षा वाईट. कपाशी-सोयाबीन एखाद्या वर्षी पिवळं पडेल, पुढच्या वर्षी चर काढून पाणी काढून देता येईल. संत्र्याच्या मुळांशी पाणी थांबलं की फायटोफ्थोरा बुरशी शिरते, खोडातून डिंक गळायला लागतो. डिंक्याने बाग कशी बसते हे तुम्हाला मी सांगायला नको. शेताचा उतार थोडासा फिरला तरी भारी जमिनीत एवढं पुरतं. याच्या उलट बाजूने खाणीतून सतत पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरी-बोअरची पातळी उतरण्याची शक्यता असते. किती, ते खडकातल्या फटींवर अवलंबून. म्हणजे एकाच पट्ट्यात एकाला पाणी जास्त होऊन आणि दुसऱ्याला कमी पडून त्रास होऊ शकतो, आणि जमीन वापराच्या तक्त्यात दोघंही 'शेती'च राहतात.

आता हा तक्ता मुळात तयार कसा होतो ते बघू. उपग्रहाचं चित्र घेतात, रंगछटांवरून वर्ग पाडतात, काही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पडताळतात. लिस-३ या भारतीय संवेदकाचा एक ठिपका २३.५ मीटर बाजूचा असतो. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याची पंधराएक झाडं एका ठिपक्यात मावतात. सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, त्यात जेमतेम तीन झाडं. बाग दोन-तीन वर्षांची असेल आणि मधे सोयाबीन किंवा तूर असेल तर चित्रात फक्त आंतरपीक दिसतं, आणि बाग 'एकपिकी शेती'त जाऊन बसते.

भरलेली, मोठी बागही चुकीच्या वर्गात जाऊ शकते, आणि हे नागपूरबाहेरच्या सल्लागारांच्या सहसा लक्षात येत नाही. अंबिया बहारासाठी आपण डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून बागेला ताण देतो, मृग बहारासाठी मे महिन्यात. ताणावरच्या बागेची पानं सुकतात, मलूल होतात, बरीच गळतात. आणि ढग नसल्यामुळे उपग्रहाची चित्रं नेमकी हिवाळ्यातली किंवा उन्हाळ्यातली निवडली जातात. ताणाच्या ऐन दिवसांतलं चित्र घेतलं की ओलिताची बाग विरळ झुडपांसारखी किंवा पडीत जमिनीसारखी दिसू शकते. म्हणून अहवालात सगळ्यात आधी चित्राची तारीख शोधा. नुसतं वर्ष दिलं असेल तर महिना मागा.

नकाशाच्या मापाचाही मुद्दा आहे. एकास पन्नास हजार मापाच्या नकाशावर ३ मिलिमीटरचा चौकोन म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर बाजूचा, म्हणजे सव्वादोन हेक्टरचा तुकडा. त्याहून लहान असं काही या नकाशावर सहसा वेगळं दाखवलं जात नाही. पांदण रस्त्याच्या दोन्ही बाजूंची बोरी-बाभळी, नाल्याकाठची करंज-जांभूळ, धुऱ्यावरचे मोह आणि कडुनिंब हे सगळं शेजारच्या शेतात विरघळून जातं. भरीला खाणीभोवतीचा १० किलोमीटरचा टापू जोडतात. १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ साधारण ३१४ चौरस किलोमीटरचं. तुमच्या गावचं २५ हेक्टरचं चराईचं रान त्यात ०.०८ टक्के ठरतं. आकडा बरोबर, आणि गावाच्या दृष्टीने निरर्थक. टक्केवारी फक्त खाणपट्ट्यापुरती आणि हेक्टरमध्ये मागा.

झुडपीबद्दल थोडं सविस्तर, कारण पूर्व विदर्भात ही बाब सगळ्यात जास्त जड आहे. उपग्रह चित्र वाचणाऱ्याला तिथे विरळ झुडूप दिसतं, आणि देशातल्या पडीक जमिनींच्या वर्गवारीत झुडपांची जमीन 'पडीक'मध्येच मोडते. पण नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' ही जुन्या मध्य प्रांतापासून चालत आलेली महसुली नोंद आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, वनजमिनींबाबतच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाला धरून झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानल्या जातील असा निकाल दिला. जुन्या वाटपांसाठी आणि बांधकामांसाठी त्यात वेगळी व्यवस्था आहे, तो तपशील वकिलाकडून समजून घ्या. तुमच्यापुरतं इतकं पुरे की जमीन डोळ्याला कशी दिसते यावरून ती वन आहे की नाही ठरत नाही, नोंदीवरून ठरतं. त्यामुळे मसुद्यातलं 'झुडपी व पडीक' हे एकत्र खातं मोडायला लावा. तलाठ्याकडून निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) आणि सातबारे काढा, प्रत्येक गटासमोर झुडपी, गायरान, पोटखराबा की आणखी काय ते लिहा आणि अहवालातल्या नकाशाशी ताडून बघा. झुडपीचा गट खाणपट्ट्यात निघाला तर वन संरक्षणाच्या कायद्याखालची वेगळी परवानगी मागितली आहे का, हा प्रश्न विचारता येतो. खाण भूमिगत असली तरी विचारता येतो.

आता वनस्पतींकडे. पायाभूत माहितीसाठी सहसा एकच हंगाम घेतात, तोही पावसाळा सोडून. म्हणजे तीन महिने, आणि ते फार वेळा मार्च ते मे असतात. या दिवसांत आपल्या झुडपीत उभं राहून बघा. पळस फुलून गेलेला, बोर, हिवर, खैर, टेंभुर्णीची खुरटी झुडपं, सगळीकडे घाणेरी, आणि खाली गुरांनी खाऊन उरलेले गवताचे खुंट. झाडांसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन आखतात, झुडपांसाठी ५ बाय ५ चा आणि गवत-रोपांसाठी १ मीटरचा. एप्रिलमध्ये त्या १ मीटरच्या चौकोनात कुसळीचे वाळके ठोंब, तरोट्याच्या तडकलेल्या शेंगा आणि थोडं गाजरगवत, एवढंच सापडतं.

तोच चौकोन ऑगस्टच्या शेवटी आखला तर मारवेल आणि पवन्या ही गवतं मांडीला लागतात. मधून कळलावीचा वेल लाल-पिवळी फुलं घेऊन चढलेला असतो, पांढरी मुसळी असते, भुईआवळी असते. कळलावी आणि मुसळी हिवाळ्यापर्यंत वरून पूर्ण वाळून जातात आणि कंद तेवढा जमिनीत राहतो. उन्हाळ्यात सर्वेक्षणाला गेलेल्या माणसाने 'आढळली नाही' असं लिहिलं तर तो खोटं बोलत नसतो. मात्र हेच वाक्य पुढच्या प्रकरणात हळूच 'या क्षेत्रात नाही' असं होतं. तिथे बोट ठेवा. पावसाळ्यातलं सर्वेक्षण मागणं ही रास्त मागणी आहे. माझ्या मते या भागातल्या कुठल्याही गवताळ किंवा झुडपी जमिनीसाठी त्याशिवाय यादीला अर्थ नाही.

यादी तपासायला वनस्पतिशास्त्र शिकायची गरज नाही. खाणपट्ट्याची आणि १० किलोमीटर टापूची यादी शब्दशः एकच आहे का बघा. कळमेश्वरकडच्या रानात नैसर्गिक साल वृक्ष दाखवला असेल तर यादी दुसऱ्या राज्यातल्या अहवालातून आलेली असण्याची दाट शक्यता आहे, कारण साल आपल्याकडे इतक्या पश्चिमेला उगवत नाही. प्रत्येक चौकोनाचे अक्षांश-रेखांश दिलेत का बघा आणि मोबाइलवर टाकून पाहा. सगळे ठिपके डांबरी रस्त्याच्या कडेला निघाले तर वेगळं सांगायची गरज उरत नाही. प्राण्यांच्या यादीत वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीनंतरच्या आहेत का तेही बघा. मोर आणि घोरपड ही तुमच्या शिवारातली नेहमीची मंडळी, दोन्ही पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. ती यादीत नसतील तर सर्वेक्षक शिवारात फिरला की नाही हा प्रश्न उरतोच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: चित्र कुठल्या महिन्यातलं, नकाशा कुठल्या मापाचा, जमिनीची महसुली नोंद काय, सर्वेक्षण कुठल्या हंगामात, आणि खाली खांब काढणार की ठेवणार. मसुद्यात ही पाच उत्तरं शोधा. जिथे सापडणार नाहीत तिथे तुमचा आक्षेप तयार आहे.

पण नुसते आक्षेप घेऊन थांबू नका. तुमची स्वतःची नोंद आत्ताच तयार करा, हा या उत्तरातला सगळ्यात कामाचा भाग. बागेतली झाडं मोजा, वय लिहा, कुठला बहार घेता ते लिहा, आणि ई-पीक पाहणीत संत्रा म्हणूनच नोंद झाली आहे ना हे बघून घ्या. बरेच जण आंतरपीक नोंदवतात आणि बाग राहून जाते. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजलं तर तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. जवळची निरीक्षण विहीर कोणती हे त्यांच्या नागपूर कार्यालयात कळेल. शेताच्या चारही कोपऱ्यांवरून, ठरावीक जागेवर उभं राहून, तारीख आणि स्थान उमटेल असे फोटो पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा काढा. जमेल तर भूमापकाकडून शेताच्या पातळ्या काढून घ्या. खर्च होतो, पण उतार बदलला हे दाखवायला दुसरा पुरावा नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून केलं तर परवडतं.

गावाच्या पातळीवर लोक जैवविविधता नोंदवही बघा. जैवविविधता कायद्याखाली ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. कागदोपत्री असतेच, वाचण्यासारखी असते असं नाही. गुराखी, वैदू आणि रानभाज्या आणणाऱ्या बायांना सोबत घेऊन ती पावसाळ्यात दुरुस्त करा आणि ग्रामसभेत ठराव घेऊन मंजूर करा. कुठल्या उतारावर मारवेल आहे आणि कुठल्या नाल्यात मार्चपर्यंत पाणी टिकतं हे आम्हा सर्वेक्षकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

जनसुनावणीबद्दल. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घडवून आणतं, जाहिरात किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. तुमच्याच तालुक्यातल्या गोंडखैरीच्या प्रस्तावित भूमिगत खाणीची सुनावणी जुलै २०२३ मध्ये झाली होती आणि गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला होता. विरोध नोंदवायचाच असेल तर नोंदवा, तो तुमचा हक्क आहे. पण विरोधासोबत लेखी मुद्दे द्या आणि पोच घ्या. सभेत माइक दोन मिनिटं मिळतो आणि गोंधळात आवाज विरतो. लेखी मुद्द्याला प्रकल्पवाल्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, आणि तो अहवाल मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे जातो. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर थांबा आणि तुमचा मुद्दा त्यात आलाय का ते कान देऊन ऐका.

मुद्दे मागणीच्या रूपात लिहा. 'पावसाळ्यातलं वनस्पती सर्वेक्षण करावं', 'फळबागा स्वतंत्र वर्ग करून गटनिहाय दाखवाव्यात', 'झुडपी, गायरान आणि पोटखराबा महसुली नोंदीप्रमाणे वेगळे दाखवावेत', 'डिपिलरिंग सुरू होण्याआधी आणि नंतर जमिनीच्या पातळ्या मोजून ग्रामपंचायतीत लावाव्यात', 'विहिरींच्या पातळीची नोंद शेतकऱ्याच्या सहीने व्हावी'. अशी वाक्यं समितीला जशीच्या तशी मंजुरीच्या अटींत टाकता येतात. 'आमचं वाटोळं होईल' हे कितीही खरं असलं तरी त्याची अट करता येत नाही.

जाता जाता एक. सावनेर, सिल्लेवाडा, पाटणसावंगी या बाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) भूमिगत खाणी आहेत, तुमच्यापासून फार लांब नाहीत. सुनावणीआधी दोन-चार जण तिकडच्या शेतकऱ्यांना भेटून या. विहिरी, भेगा, बांध, पीक यांचं काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐका, चांगलं आणि वाईट दोन्ही. मंजुरी मिळालेल्या खाणींना दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यावा लागतो. पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तो सापडला नाही तर माहिती अधिकारात मागता येतो. आणि तुमच्या प्रस्तावाचा खाण आराखडा हाती लागला तर पॅनेलचा नकाशा आणि थराची खोली इथे टाका, मग तुमच्या गटाबद्दल नेमकं काहीतरी बोलता येईल.